खिशातला भुगा

एखाद्या जुन्या सुती शर्टाचा खिसा उलटा करून पाहा. शिवणीच्या कोपऱ्यात करड्या रंगाचा, कापसासारखा मऊ भुगा सापडेल. तो आला कोठून? थोडी धूळ सोडली, तर बाकी सगळा तुमचा शर्टच आहे! कापड घासले गेले की धाग्यांतील बारीक तंतू तुटून सुटे होतात. या भुग्याला इंग्रजीत ‘लिंट’ म्हणतात.

आपल्याकडे बहुतेक घरी कपडे दोरीवर वाळतात. अमेरिकेत मात्र अनेक घरांत त्यासाठी ‘ड्रायर’ नावाचे यंत्र असते. आपल्या शहरांतील मोठी हॉटेले व इस्पितळे यांतही ते वापरतात. फिरत्या पिंपात ओले कपडे उलटेपालटे होतात, त्यांतून गरम हवा खेळते आणि दमट हवा नळीवाटे घराबाहेर जाते. वाटेतल्या जाळीवर भुगा अडकतो. दर खेपेला मूठभर तरी!

जाळी भरली की हवेची वाट अडते. ओलावा बाहेर पडत नाही, कपडे वाळायला वेळ लागतो, वीज जास्त जळते आणि यंत्र आतून तापू लागते. जाळीतून निसटलेला भुगा नळीत साचतो. खरा धोका येथेच आहे.

थोडे गणित करू. एक ग्रॅम कापूस दाबून त्याचा भरीव घन केला, तर त्याचे पृष्ठफळ ५ चौ. सें.मी.सुद्धा भरणार नाही. आता तोच कापूस १५ मायक्रोमीटर जाडीच्या तंतूंत मोकळा करा. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आता पृष्ठफळ होते सुमारे १,८०० चौ. सें.मी., म्हणजे एका मोठ्या हातरुमालाएवढे! ज्वलन पृष्ठभागावर होते. तेथे प्राणवायू भिडतो. म्हणून लाकडाचा ओंडका सहज पेटत नाही, पण त्याच्या तासणीचा पिंजर चटकन पेटतो.

हा नुसता हिशेब नव्हे. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळाचा आढावा घेतला, तेव्हा निवासी इमारतींत ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागत असल्याचे आढळले. त्यांतले सर्वांत मोठे कारण होते, यंत्र साफ न ठेवणे. म्हणून जाळी दर खेपेला साफ करावी, नळीही अधूनमधून झाडावी. धुण्याची खोली लहान असेल तर काढलेला भुगा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, यंत्रापासून दूर ठेवावा.

या भुग्याचे करायचे काय? तो कशाचा आहे यावर उत्तर अवलंबून आहे. निव्वळ सुती असेल तर तो सेल्युलोज आहे; खताच्या खड्ड्यात कुजून जाईल. रद्दीच्या लगद्यात मिसळून जाड कागदही करता येईल. मात्र नुसत्या भुग्याचा कागद कच्चा होतो, कारण त्यातले तंतू तुटून आखूड झालेले असतात. पॉलिएस्टरचा भुगा कुजत नाही. तो खतात घालू नये आणि मोरीत तर मुळीच सोडू नये; तेथून तो नदीत जातो. तो कचऱ्यातच टाकावा. सुती व पॉलिएस्टर यांची भेसळ असेल, तरी हाच नियम.

भेसळ ओळखायची कशी? शिक्षकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग करा. भुगा पेटवू नका. कापडाचा एकच धागा चिमट्यात धरून पाण्याच्या बशीवर ज्योतीला लावा. सुती धागा कागद जळाल्यासारखा वास देऊन जळतो आणि मऊ राख राहते. पॉलिएस्टर आक्रसते, वितळते आणि थंड झाल्यावर त्याचा कठीण मणी बनतो. राख आणि मणी दोन्ही आढळले, तर कापड मिश्र समजा.

आता घरातल्या पाच कपड्यांचे धागे तपासा आणि वहीत तक्ता करा. त्यांतल्या कोणत्या कपड्यांचा भुगा खताच्या खड्ड्यात चालेल?