सपाट कागद फुगतो कसा?

बालमित्रांनो, सपाट कागदातून चेंडू वर आला असे कुणी सांगितले तर तुम्हाला खरे वाटेल का? मला तर तो डोळ्यांनी दिसला.

गुरुजींनी वर्गात एका पुस्तकातले चित्र दाखवले. चित्रात नुसते चौकोनच चौकोन आणि मधोमध भला मोठा फुगा वर आलेला. मी म्हणालो, "कागद फुगलाय." माझ्या शेजारी बसणारा म्हणाला, "नाही, सपाट आहे." मी त्याला खोटारडा म्हटले. मग गुरुजींनी मला डोळे मिटून चित्रावरून बोट फिरवायला लावले. कुठेच उंचवटा लागला नाही! डोळे उघडले तर फुगा परत तिथेच.

असली चित्रे काढणाऱ्या चित्रकाराचे नाव व्हिक्टर व्हाझारेली. ते १९०६ साली हंगेरी देशातल्या पेच गावी जन्मले. १९३० साली ते पॅरिसला गेले आणि तिथे जाहिरातीची चित्रे काढू लागले. १९३७ साली त्यांनी झेब्र्यांचे चित्र काढले. त्यात अंगाभोवती रेघ नाही, फक्त काळे-पांढरे पट्टे आहेत. तरी झेब्रे ओळखू येतात. पुढे त्यांनी फुग्यासारखी चित्रे काढली, त्यांचे नाव वेगा. वेगा म्हणजे आपला अभिजित तारा. ते १९९७ साली वारले. अशा चित्रांना ऑप आर्ट म्हणतात. १९६५ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन भरले होते.

आता फुगा का दिसतो ते सांगतो. गुरुजींनी चौकड्यांचे फडके एका घागरीवर ताणून बसवले. समोरच्या चौकड्या पुऱ्या दिसत होत्या. कडेच्या चौकड्या वळून मागे जातात, म्हणून त्या अरुंद दिसत होत्या. हे आपण रोज बघतो, म्हणून मेंदूला त्याची सवय झालेली असते. व्हाझारेलींनी कागदावर तसेच काढले. गोलाच्या मधले चौकोन मोठे, कडेचे चेपलेले. ते बघून मेंदू म्हणतो, हा गोळाच आहे. म्हणजे डोळे बघतात, पण ठरवतो मेंदू. आणि फसतो तोसुद्धा मेंदूच.

व्हाझारेलींना वाटे, चित्र एकाच श्रीमंताच्या भिंतीवर का असावे? ते पुष्कळांना मिळावे. म्हणून त्यांनी आपली चित्रे छापली. छापायची रीत अशी. चौकटीवर बारीक विणीचे कापड ताणतात. जिथे रंग नको तिथली भोके बुजवतात. चौकट कागदावर ठेवून वर शाई ओततात आणि रबराच्या पट्टीने ओढतात. उघड्या भोकांतून शाई खाली उतरते. प्रत्येक रंगाला वेगळी चौकट लागते. ती जराशी सरकली तर रेघा जुळत नाहीत आणि सगळी गंमत जाते. एकाच चित्राचे असे पुष्कळ छाप निघतात.

तुम्हीही करून पाहा. ८ सेंटिमीटर रुंदीचा चौकोन काढा. उभ्या रेघा मारून डावीकडून अर्धा, एक, दीड, दोन, दीड, एक, अर्धा सेंटिमीटर असे पट्टे पाडा. आडव्या रेघा एक-एक सेंटिमीटरवर मारा. मग बुद्धिबळाच्या पटासारखे एक सोडून एक घर शाईने काळे करा. हात लांब करून बघा. गोल खांब दिसेल! माझी पहिल्यांदा शाई पसरली, दुसऱ्यांदा जमले.

तो कागद मी माझ्या शेजाऱ्याला दिला आणि म्हणालो, "तुझंच खरं होतं." तो हसला आणि कागदावरून बोट फिरवून म्हणाला, "सपाटच आहे रे!"

म्हणून मित्रांनो, डोळ्यांनी पाहिले तरी एकदा हात लावून, पट्टीने मोजून बघावे. आणि तोवर कुणाला खोटारडा म्हणू नये.

— इयत्ता ४ थीचा एक विद्यार्थी