तुलना कोणाशी करायची?

स्मृतिभ्रंशाची शंका आली की डॉक्टर काही साधे प्रश्न विचारतात. आज वार कोणता? शंभरातून सात वजा केले तर किती उरतात? निवृत्त हेडक्लार्कला हे जमेनासे झाले, तर काहीतरी बिघडले हे उघड आहे. पण ज्याला वजाबाकी कधीच येत नव्हती, त्याचे काय? बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या बाबतीत ही चाचणी जवळजवळ निरुपयोगी ठरते.

आणि गरज तर तिथेच अधिक आहे, विशेषतः डाऊन सिंड्रोममध्ये. या व्यक्तींच्या पेशींत २१ व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, हे १९५९ साली लेज्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. अमायलॉइड ज्या मोठ्या प्रथिनाचा तुकडा आहे, त्याचे जनुक नेमके याच गुणसूत्रावर आहे. जनुकाची एक प्रत जादा, म्हणून प्रथिनही जादा. चाळिशीपर्यंत जवळजवळ सर्वांच्या मेंदूत अल्झायमर रोगातले अमायलॉइडचे साठे आढळतात. पन्नाशीच्या सुमारास अनेकांत लक्षणे दिसू लागतात. पूर्वी ही माणसे बहुधा तेवढी जगतच नसत, म्हणून हा प्रश्न फारसा पुढे आला नाही.

सुरुवात विसरण्यानेच होते असे नाही. रोज बटणे लावणारा माणूस शर्ट हातात धरून बसून राहतो. हौसेने नाचणारा कोपरा धरतो. जिन्याच्या पायरीशी अडतो. कधी आयुष्यात प्रथमच फिट येते. घरचे म्हणतात, ‘तो आधीपासून तसाच.’ कधीकधी डॉक्टरही तेच म्हणतात, आणि हे अधिक वाईट.

उलट चूकही होते. पायरीशी अडणे मोतीबिंदूमुळे असू शकते. मंदपणा थायरॉइडच्या कमतरतेमुळे, गप्पपणा बहिरेपणामुळे किंवा आई गेल्याच्या दुःखामुळे. यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहेत; म्हणून त्या आधी तपासायच्या.

मग तुलना कोणाशी? त्या व्यक्तीच्या स्वतःच्या कालच्या रूपाशी. डाऊन सिंड्रोम असलेल्या प्रत्येकाची अशी पहिली नोंद तिशीपर्यंत व्हावी, असे ब्रिटनमधील मानसोपचारतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञांच्या संघटनांनी २०१५ मध्ये सुचवले.

विशेष शाळेतल्या शिक्षकांनी इथे आपली प्रगतिपुस्तके आठवावीत. ‘प्रगती समाधानकारक’ या शेऱ्याचा वीस वर्षांनी कोणालाच उपयोग नाही. ‘नाडी स्वतः बांधतो, कोपऱ्यावरून एकटा दूध आणतो, सुटे पैसे मोजता येत नाहीत’ याचा आहे. मोबाइलवर घेतलेले दोन मिनिटांचे चित्रण सोबत असेल तर फारच उत्तम.