आस्पर्गर-प्रकृतीचीं माणसें आणि संगणकाची दुरुस्ती

‘व्यक्ति तितक्या प्रकृति’ ही म्हण आपण पुष्कळदां उच्चारतों. परंतु एखादी प्रकृति नेहमींच्या मापांत बसली नाहीं, म्हणजे तिला विक्षिप्त किंवा तुसडी असें नांव देऊन मोकळे होतों. अशाच एका प्रकृतीचा परिचय आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावा, असा आमचा हेतु आहे.

तीस-पस्तीस वर्षांचा एक गृहस्थ डोळ्यांपुढें आणावा. वाडींतील मंडळी ओटीवर गजाली मारीत बसली, तर हा तेथें फार वेळ टिकत नाहीं. बोलतांना समोरच्याच्या नजरेस नजर देत नाहीं. कोणीं थट्टेनें कांहीं म्हटलें, तर तें शब्दशः खरें मानतो. जेवणाची वेळ, बसण्याची जागा, जाण्याची वाट यांत अचानक फेरबदल झाला, कीं बेचैन होतो. लग्नमंडपांतील लाउडस्पीकरचा आवाज त्यास असह्य वाटतो. परंतु बंद पडलेला संगणक त्याच्यापुढें ठेवावा, आणि मग पाहावें! तहानभूक विसरून तो त्यांत गढून जातो. ही विद्या त्यास कोणीं शिकविलेली नसते. मोडकीं यंत्रें उघडून, पुस्तकें चाळून, चुकत चुकत त्यानें ती स्वतःच मिळविलेली असते. शेजारीपाजारी त्याच्याकडून कामें करून घेतात. पण नोकरीच्या मुलाखतींत हाच मनुष्य पहिल्या पांच मिनिटांत नापास होतो. माणसांत अवघडणें आणि यंत्रांत रमणें या दोन्ही गोष्टी एकाच मनाच्या ठेवणींतून कशा उद्भवतात, हें समजून घेतलें नाहीं, तर अशा माणसाचें आयुष्य वायां जाण्याचा संभव असतो.

प्रथम या प्रकृतीच्या नांवाचा इतिहास पाहूं. १९२५ सालीं मॉस्को येथील ग्रुन्या सुखारेवा या विदुषीनें अशा सहा मुलग्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. १९४३ सालीं अमेरिकेंत लिओ कॅनर यांनीं अकरा मुलांच्या निरीक्षणावरून ‘ऑटिझम’ ही स्थिति वर्णन केली. मराठींत तिला आपण स्वमग्नता म्हणतों. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९४४ सालीं, व्हिएन्ना येथील डॉ. हान्स आस्पर्गर यांनीं चार मुलग्यांविषयीं एक प्रबंध छापला. या मुलांचें बोलणें व्यवस्थित होतें, बुद्धि तल्लख होती. परंतु इतर मुलांत मिसळणें त्यांस जमत नसे, आणि एखाद्याच विषयाचा त्यांस विलक्षण ध्यास असे. लहानपणीं अत्यंत विचित्र वाटलेल्या एका मुलानें पुढें खगोलशास्त्राचा अभ्यास करतांना न्यूटनच्या गणितांतील एक चूक शोधून काढल्याची हकीकतही त्या प्रबंधांत आहे.

आस्पर्गर यांच्या चरित्रास एक काळी बाजूही आहे. हर्विग चेक या इतिहाससंशोधकानें २०१८ सालीं जुनें दप्तर तपासून दाखविलें, कीं नाझी राजवटींत त्यांनीं कांहीं अपंग मुलांची रवानगी ‘आम श्पीगेलग्रुंड’ या संस्थेंत करण्यास हातभार लावला. आणि त्या संस्थेंत मुलें ठार मारलीं जात होतीं.

लंडनच्या डॉ. लॉर्ना विंग या एका स्वमग्न मुलीच्या आई. त्यांनीं १९८१ सालीं एक लेख लिहून आस्पर्गर यांचें नांव या प्रकृतीस रूढ केलें. १९९४ सालीं अमेरिकन मनोवैद्यांच्या सूचींत त्याचा समावेश झाला. २०१३ सालीं त्याच सूचींतून तें काढून टाकण्यांत आलें. जागतिक आरोग्य संघटनेची नवी सूची २०२२ च्या आरंभीं लागू झाली. तींतही हें स्वतंत्र नांव नाहीं. हल्लीं या सर्वांचा अंतर्भाव स्वमग्नतेच्या एकाच विस्तृत वर्णपटांत करितात. तथापि पुष्कळ प्रौढ मंडळी स्वतःचा निर्देश आजही जुन्या नांवानें करितात, म्हणून आम्हींही तें येथें ठेविलें आहे.

या सनावळीवरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानांत येईल. आज जे पन्नाशीच्या घरांत आहेत, त्यांच्या बालपणीं हें नांव शिक्षकांस काय, बहुतेक डॉक्टरांसही ठाऊक नव्हतें. अशा माणसांस ‘हट्टी’, ‘घुमा’, ‘उद्धट’ हीं विशेषणें मिळालीं; कारण मात्र मिळालें नाहीं. कित्येकांस स्वतःच्या मुलाची तपासणी चालू असतां प्रथमच उमगतें, कीं हें वर्णन आपलेंही आहे! स्त्रियांच्या बाबतींत तर निदान अधिकच उशिरां होतें. कारण इतरांचें वागणें पाहून त्याची नक्कल करण्याचे कष्ट त्या लहानपणापासून घेतात, आणि आंतली ओढाताण कोणासही दिसत नाहीं.

ही प्रकृति म्हणजे संसर्गानें जडणारा रोग नव्हे. ती जन्मजात असते. तींत आनुवंशिकतेचा मोठा भाग असतो. आईनें माया केली नाहीं म्हणून मूल असें झालें, हा जुना आरोप खोटा ठरला आहे. रोगप्रतिबंधक लस टोंचल्यामुळें असें होतें, असें सुचविणारा १९९८ चा एक लेख २०१० सालीं त्याच नियतकालिकानें मागें घेतला. स्वमग्नता घालविणारें औषध नाहीं. मात्र तिच्यासोबत पुष्कळदां येणाऱ्या चिंतेवर व खिन्नतेवर चांगले उपचार आहेत.

आतां संगणकाकडे वळूं. माणसाचें बोलणें शब्दांत थोडें आणि सुरांत, चेहऱ्यांत व प्रसंगांत अधिक असतें. पाहुण्यास ‘बसा हो, घाई काय आहे?’ असें म्हणणारा यजमान कधीं खरोखरच बसवूं पाहतो, तर कधीं केवळ शिष्टाचार पाळतो. बहुतेकांस हा भेद आपोआप कळतो. आस्पर्गर-प्रकृतीच्या माणसास तो विचार करून शोधावा लागतो, आणि तो शोधीपर्यंत संभाषण पुढें गेलेलें असतें. संगणक मात्र टोमणे मारीत नाहीं, मनांत एक व ओठांवर एक असें करीत नाहीं. त्याच्या बिघाडास कारण असतें, आणि तें चिकाटीनें शोधल्यास बहुधा सांपडतें. केंब्रिज येथील सायमन बॅरन-कोहेन या मानसशास्त्रज्ञांचें मत असें आहे, कीं नियमांनीं चालणाऱ्या रचना उलगडून पाहण्याची ओढ अशा माणसांत विशेष प्रबळ असते. शिवाय समग्र चित्रापेक्षां बारकाव्यांकडे त्यांचें लक्ष आधीं जातें, असें पुष्कळ प्रयोगांत आढळलें आहे.

दुरुस्तीच्या कामांत नेमके हेच गुण लागतात. आपल्या दोडामार्ग तालुक्यांतील धुवांधार पाऊस, हवेंतील दमटपणा, वरचेवर जाणारी वीज आणि कडाडणारी वीज, हे सर्व संगणकाचे शत्रु होत. समजा, यंत्र सुरू केलें तर पंखा फिरतो, पण पडद्यावर कांहींच उमटत नाहीं. उतावळा मनुष्य चार भाग एकदम बदलतो; यंत्र चालू झालें तरी दोष कोठें होता, हें त्यास कळत नाहीं. चांगला कारागीर एका वेळीं एकच गोष्ट बदलतो. यंत्र ‘टूं टूं’ असा आवाज करीत असेल, तर ते आवाज तो मोजतो. कारण त्या संख्येंत दोषाची खूण असते. स्मृतीची पट्टी, जिला दुकानांत ‘रॅम’ म्हणतात, ती काढून तिचीं दमटपणानें काळवंडलेलीं टोंकें तो पेन्सिलीच्या रबरानें पुसतो. यंत्राचें घड्याळ दर वेळीं मागें पडत असेल, तर आंतील तीन व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी संपली, हें तो ओळखतो. फुगलेला कपॅसिटर, पंख्यांत सांचलेली धूळ, मुंग्यांनीं केलेलें वारूळ अशा बारीक गोष्टी त्याच्या नजरेंतून सुटत नाहींत. तीच तपासणी वीस वेळां करण्याचा त्यास कंटाळा येत नाहीं. आणि जुन्या बिघाडाचा दाखला तो वर्षानंतरही अचूक सांगतो.

मग दोष केवळ त्याच्याच बोलण्यांत आहे काय? डेमियन मिल्टन हे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ स्वतः स्वमग्न आहेत. त्यांनीं २०१२ सालीं असें प्रतिपादन केलें, कीं हा गैरसमज दुहेरी आहे. स्वमग्न माणसांस इतर जितके कळत नाहींत, तितकेच इतरांस तेही कळत नाहींत. एडिंबरो येथील कॅथरिन क्रॉम्प्टन व त्यांचे सहकारी यांनीं २०२० सालीं याची एक सुंदर परीक्षा प्रसिद्ध केली. विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही कानगोष्टींचा खेळ खेळतां ना? तशाच रीतीनें आठ-आठ माणसांच्या रांगा करून एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे पोंचविण्यांत आली. सर्व स्वमग्न माणसांच्या रांगेंत ती इतरांच्या रांगेइतकीच चांगली शेवटपर्यंत पोंचली. दोन्ही प्रकारचीं माणसें मिसळलेल्या रांगेंत मात्र ती अधिक गळाली. तात्पर्य, पूल दोन्ही तीरांवरून बांधावा लागतो.

येथें दोन इशारे देणें अवश्य आहे. पहिला असा, कीं या प्रकृतीच्या प्रत्येकास संगणकाचें वेड असतेंच असें नाहीं. कोणास पक्ष्यांचें, कोणास आगगाडीच्या वेळापत्रकाचें, कोणास जुन्या नाण्यांचें असतें. कोणाच्या अंगीं असें ठळक कौशल्य नसतेंही, आणि म्हणून त्याचा मान कमी होत नाहीं. उलट, संगणक दुरुस्त करणारा प्रत्येक अबोल मनुष्य या प्रकृतीचा नव्हे. ती आहे कीं नाहीं, हें तज्ज्ञानेंच ठरवावयाचें असतें. दुसरा इशारा असा, कीं मार्गदर्शनावांचून वाढलेलें कौशल्य संकटांतही लोटतें. स्कॉटलंडांत जन्मलेल्या गॅरी मॅकिनन याजवर २००१-०२ या काळांत अमेरिकेच्या लष्कराच्या व ‘नासा’च्या ९७ संगणकांत परवानगीशिवाय शिरल्याचा आरोप आला. त्यास आस्पर्गरची प्रकृति असल्याचें निदान झालें तें २००८ सालीं. त्यास अमेरिकेच्या हवालीं करूं नये, हा निर्णय ब्रिटिश गृहमंत्र्यांनीं ऑक्टोबर २०१२ मध्यें दिला. तोंवर दहा वर्षें टांगत्या तलवारीखालीं गेलीं. कुलूप उघडतां येतें म्हणून तें उघडण्याचा अधिकार मिळत नाहीं, हा नियम अशा मुलास लवकर आणि स्पष्ट शब्दांत सांगावा. स्पष्ट सांगितलेला नियम तीं मुलें बहुधा काटेकोरपणें पाळतात.

अशा माणसांस काम कसें द्यावें, याचा धडा डेन्मार्कच्या थॉर्किल सोने यांनीं घालून दिला. त्यांच्या मुलास स्वमग्नता असल्याचें कळल्यावर त्यांनीं २००४ सालीं ‘स्पेशालिस्टर्ने’ ही कंपनी काढली. तेथें उमेदवारास खुर्चीवर बसवून ‘स्वतःविषयीं सांगा’ असें विचारीत नसत; खेळण्यांतल्या ठोकळ्यांचे चालते यंत्रमानव त्यास जुळवावयास देत, आणि काम पाहून पारख करीत. त्यांच्याच सहकार्यानें ‘सॅप’ या जर्मन कंपनीनें आपल्या बंगळूर येथील शाखेंत सहा स्वमग्न व्यक्तींस प्रणाली तपासण्याच्या कामावर घेतलें, आणि २०१३ सालीं हा उपक्रम जगभर नेण्याचें जाहीर केलें.

आपल्या देशांतील कायदाही आतां अनुकूल आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यांत स्वमग्नतेचा उल्लेख आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें मान्य केलेल्या २१ प्रकारांतही ती आहे. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठीं जे शेंकडा ४ राखीव आहेत, त्यांपैकीं शेंकडा १ मध्यें, इतर कांहीं प्रकारांबरोबर, स्वमग्नतेचा समावेश होतो; मात्र त्यासाठीं शेंकडा ४० किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचें प्रमाणपत्र लागतें.

आपला तालुका १९९९ सालीं सावंतवाडीपासून वेगळा झाला. गोवा व कर्नाटक यांच्या सीमेवरील या डोंगराळ मुलुखांत मनोवैद्य हाताशीं नाहीं. परंतु ओरोसचें जिल्हा रुग्णालय आहे. शिवाय आपले कितीतरी लोक ज्या बांबोळीस उपचारांसाठीं जातात, तेथें मनोवैद्यकाची सरकारी संस्थाही आहे. तेव्हां मुलगा मोठा झाला, आतां काय उपयोग, असें पालकांनीं म्हणूं नये. प्रौढपणीं झालेलें निदानही मनावरचें मोठें ओझें उतरवितें. आपण वाईट नव्हतों, वेगळे होतों, एवढें तरी त्यास कळतें.

घरांत व दुकानांत करण्यासारख्या गोष्टी अगदीं साध्या आहेत. काम सांगतांना आडवळणानें न सांगतां नेमकें सांगावें. शक्य तर कागदावर लिहून द्यावें. वेळ बदलणार असल्यास आगाऊ कळवावें. नजरेस नजर देण्याची सक्ति करूं नये. बसावयास शांत कोपरा द्यावा. यंत्र उघडण्यापूर्वीं वीज बंद करून तार काढावी, आणि वीजपुरवठ्याच्या डब्यांत नंतरही विद्युत् सांचून राहते म्हणून तो उघडूं नये, हें एकदां बजावून सांगावें. गिऱ्हाइकाच्या खासगी कागदांत व छायाचित्रांत डोकावूं नये, हेंही सांगावें. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत संगणक-दुरुस्तीचा अभ्यासक्रम असतो. स्वतः शिकलेल्या हातास त्यायोगें प्रमाणपत्राची जोड मिळूं शकते. गिऱ्हाइकांशीं घासाघीस करणें त्यास जमत नसेल, तर दुरुस्तीच्या दरांचा तक्ता भिंतीवर लावावा, किंवा घरांतील दुसऱ्या कोणीं तो व्यवहार सांभाळावा.

आणि सर्वांत मुख्य गोष्ट ही, कीं त्याची मजुरी बुडवूं नये. ‘त्याला आवडच आहे, तो फुकट करतो’ असें म्हणून गांवानें त्याच्याकडून दिवसभर काम करून घ्यावें, आणि त्याच्या पाठीमागें त्यास वेडा म्हणावें, ही रीत सोडली पाहिजे. मागतां येत नाहीं म्हणून त्याचा हक्क कमी होत नाहीं. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्याही वर्गांत कोणी एकटा बसणारा, एकाच विषयावर बोलणारा सोबती असेल. त्यास नांवें ठेवूं नका, आणि या लेखांतील नांवही त्यास आपण होऊन चिकटवूं नका. त्याचा विषय त्यास विचारा, आणि तो सांगेल तें शेवटपर्यंत ऐका.