तळहाताएवढं पापलेट नकोच!

पुढच्या वीकेंडला ग्रुप फिश थाळी खायला जाईल, तेव्हा एक गोष्ट नीट बघा. ताटातलं पापलेट केवढं आहे? डोक्यापासून शेपटीपर्यंत जेमतेम तळहाताएवढं असेल, तर ते पिल्लू आहे. एकदाही अंडी न घालता ते थेट तव्यावर आलंय!

सप्टेंबर २०२३मध्ये पापलेट महाराष्ट्राचा ‘राज्यमासा’ झालं. शेकरू, हरियाल यांच्या पंगतीत जाऊन बसलं. ही मागणी पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीच्या मच्छीमारांनी लावून धरली होती. नुसती हौस म्हणून नव्हे. जाळ्यात येणारं पापलेट कमी होत चाललंय आणि लहानही, म्हणून.

असं का होतं? पापलेटसाठीच्या जाळ्याचे आस मोठे असले, की पिल्लं त्यातून सुटून जातात. पण डोल आणि ट्रॉलच्या जाळ्यांचं शेवटचं टोक बारीक आसाचं असतं. बोंबील, कोळंबीबरोबर पिल्लंही त्यात अडकतात. आता साधा हिशेब करा. मोठी पापलेटं किलोत दोन-तीनच बसतात, पिल्लं मात्र वीसेक तरी. भाव मोठ्यालाच जास्त. म्हणजे वीस जीव आज स्वस्तात विकायचे आणि उद्याची मोठी पापलेटं गमवायची. तोटा शेवटी कोळ्यांचाच.

नियम नाहीत असं नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. २०२३मध्येच राज्याने पापलेटसह ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. पण जाळ्यातून वर आलेलं पिल्लू बहुतेकदा मेलेलंच असतं, ते परत सोडून उपयोग काय? खरा उपाय जाळ्याचे आस मोठे करणं हाच. आणि पिल्लांना गिऱ्हाईक आहे, तोवर ते कोण मनावर घेणार?

हे गिऱ्हाईक म्हणजे आपणच की! म्हणून बाजारात बिनधास्त विचारा, ‘मावशी, याहून मोठं नाही का?’ नसेल तर त्या दिवशी बांगडा घ्या, बोंबील घ्या. हॉटेलातही पिल्लू आलं तर पुढच्या वेळी दुसरं काही मागवा.

वर्गात कोळीवाड्यातलं कुणी असेल, तर त्यांच्या आजोबांच्या वेळचं पापलेट केवढं असायचं, तेही विचारा. ते हात किती पसरतात, एवढं फक्त बघा.