तारण ठेवलेले वऱ्हाड

इंग्रजांनी वऱ्हाड कोणत्या लढाईत जिंकले, असे विचारले तर अमरावती-अकोल्याकडचा माणूस चटकन आडगाव किंवा गाविलगडाचे नाव घेईल. पण १८०३ च्या त्या लढायांनंतर बहुतेक वऱ्हाड गेले निजामाकडे. इंग्रजांच्या हाती ते आले १८५३ मध्ये, आणि तेही कर्जापोटी!

बँकेत आयुष्यभर तारणाचे कागद तपासल्यामुळे माझी नजर अशा करारात आधी अटी शोधते. कंटिंजंट फौज निजामाच्या नावाची, अधिकारी इंग्रज. तिचा पगार थकला की कंपनी भरणार आणि निजामाच्या खाती मांडणार. ती कायम बाळगण्याचे बंधन तहाने निजामावर नव्हते, हे खुद्द डलहौसी मान्य करीत होता. तरी २१ मे १८५३ रोजी सालाना ५० लाख वसुलीचा मुलूख कंपनीच्या ताब्यात गेला. हिशेब दरसाल द्यायचा, शिल्लक निजामाची, असे ठरले. १८६० मध्ये ५० लाखांचे कर्ज माफ झाले, धाराशिव-रायचूर परत मिळाले. पण वऱ्हाड सुटले नाही आणि निजामाचा हिशेब मागण्याचा हक्कही गेला.

हा करार घडवून आणणारा रेसिडेंट म्हणजे कर्नल जॉन लो. जन्म १७८८, मूळचा स्कॉटलंडचा. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाच्या शरणागतीची बोलणी त्याने केली, पुढे बिठूरला त्याच पेशव्यावर देखरेख ठेवली. नंतर लखनौची रेसिडेन्सी सांभाळली. १८२९ मध्ये त्याने ऑगस्टा शेक्सपिअरशी लग्न केले. कादंबरीकार थॅकरेची ही आतेबहीण. त्यांची मुलगी शार्लट दिल्लीच्या मेटकाफ घराण्यात पडली. वऱ्हाडच्या करारानंतर चारच महिन्यांनी, मुलाला जन्म देऊन, ती सिमल्यात वारली.

लो निर्दय होता असे म्हणवत नाही. १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले, तेव्हा कौन्सिलात लेखी विरोध करणारा हाच माणूस होता. पण वऱ्हाडच्या कागदावर त्याचीच सही आहे.

लो १८८० मध्ये वारला, तेव्हाही अमरावती-अकोल्याचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटकडेच होता. १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला २५ लाखांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले. तारण देताना ऋणको थकलेला असतो, हे मी जवळून पाहिले आहे. समोर बसलेला अधिकारी भला असला, म्हणजे अटी सौम्य होतात असे मात्र नाही.