रोमची ज्यूलिया आणि आपली मतदारयादी

नेवासे म्हटले की आपल्याला ज्ञानेश्वर आठवतात. पण प्रवराकाठच्या याच गावी १९५० नंतरच्या दशकात डॉ. ह. धी. सांकलिया यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे उत्खनन केले, तेव्हा रोमन पद्धतीच्या दोन कानांच्या मद्यकुंभांची खापरे सापडली. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नगर जिल्ह्याचा (आताच्या अहिल्यानगरचा) थेट रोमशी व्यापारी धागा जुळला होता! असे कुंभ भरून पाठवणाऱ्या त्या रोममध्ये कोणाच्या शब्दाला किती किंमत होती बरे?

तिथे पॅट्रिशियन म्हणजे जुनी खानदानी घराणी, आणि प्लेबियन म्हणजे बाकीची प्रजा. परंपरा सांगते की इ.स.पूर्व ४९४ मध्ये प्लेबियन चक्क शहर सोडून निघून गेले, आणि स्वतःचे प्रतिनिधी मिळवूनच परतले. तरीही मताचे वजन मालमत्तेवर ठरे. मोठ्या सभेत मते माणसांची नव्हे, गटांची मोजत. एकूण गट १९३; त्यांतले ९८ घोडेस्वारांचे आणि पहिल्या वर्गातल्या श्रीमंतांचे. ज्यांच्याजवळ काहीच नाही, त्या सगळ्यांचा मिळून एकच गट! वरच्यांचे एकमत झाले की मतदान तिथेच थांबे. गरिबाची पाळी येणार कुठून?

आणि बायका? त्या रोमच्या नागरिक होत्या, पण मत नाही. फार काय, स्वतःचे असे नावही बहुधा नसे. ज्यूलियस घराण्यातली प्रत्येक मुलगी ज्यूलियाच. दोघी असल्या तर एक थोरली, एक धाकटी. ओळखीचे वाटते ना?

पण त्या गप्प बसल्या नाहीत हो! सुमारे सव्वा तोळ्यापेक्षा जास्त सोने बाळगू नये, असा बायकांसाठी कायदा होता. इ.स.पूर्व १९५ मध्ये त्यांनी रस्ते अडवून तो रद्द करायला लावला. पुढे इ.स.पूर्व ४२ मध्ये १४०० श्रीमंत स्त्रियांवर युद्धासाठी कर बसला, तेव्हा हॉर्टेन्सिया भर चौकात उभी राहिली. राज्यकारभारात आम्हाला वाटा नाही, मग आम्ही कर का द्यावा, हा तिचा सवाल होता. शेवटी करदात्या स्त्रियांची संख्या ४०० वर आली. मत मात्र मिळाले नाहीच.

आपल्याकडची गोष्ट फार निराळी नाही. नगरचा किल्ला लढवणारी चांदबिबी आणि चौंडीला १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाई यांचा आपल्याला अभिमान आहे. पण एका स्त्रीने राज्य करणे वेगळे आणि घरोघरच्या स्त्रीला मत असणे वेगळे. मुंबई इलाख्यात, म्हणजे नगर जिल्ह्यातही, १९२१ च्या ठरावाने स्त्रियांना मत मिळाले, पण ते मालमत्ता किंवा शेतसारा असणाऱ्यांनाच. १९३५ च्या कायद्याने पुष्कळजणींना मत दिले ते नवऱ्याच्या मालमत्तेच्या जोरावर. मोलमजुरी करणारी बाई बाहेरच!

राज्यघटनेने १९५० मध्ये ही अट पुसून टाकली. राजवाड्यातली असो की उसाच्या फडातली, प्रत्येकीला एक मत, सारख्याच किमतीचे. तरीही १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत देशातल्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली. का? त्यांनी ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले. स्वतःचे नाव सांगितले नाही. यातल्या बहुतेकजणी उत्तरेकडच्या होत्या, पण नाव घ्यायचा संकोच आपल्याही घरांत कुठे नवा आहे?

आज महाराष्ट्रात ग्रामपंचायतींत आणि नगरपालिकांत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. ग्रामसभेआधी स्त्रियांची वेगळी सभा घ्यावी, असाही नियम आहे. पण खुर्चीवर बाई आणि बोलणार तिचे यजमान, असे झाले तर आपण पुन्हा ज्यूलियाच्या रांगेत!

तेव्हा मैत्रिणींनो, एवढे करा. लग्नानंतर नाव-पत्ता बदलला असेल तर मतदारयादीत आपले नाव नीट आहे का, ते स्वतः पाहा. घरी आलेल्या सुनेचे आणि अठरा पूर्ण झालेल्या लेकीचे नाव घाला. कामाला येणाऱ्या बाईंनाही विचारा. आणि मत कोणाला द्यायचे, हे मात्र ज्या त्या बाईने स्वतःच ठरवायचे.