कॅसेटचे रंग उडालेले नसतात

पुण्याहून आणलेली लग्नाची कॅसेट इथे न्यूनेनमध्ये कृष्णधवल दिसली, की ती फेकून देण्याची घाई होते. मंडळी, थांबा! भारतात १९८२ साली रंगीत दूरदर्शन आले ते पाल पद्धतीचे, आणि हॉलंडमध्येही १९६७ पासून पालच होते. तेव्हा अडचण बहुधा कॅसेटमध्ये नसून जोडणीत असते.

टीव्हीमागच्या २१ पिनांच्या स्कार्ट सॉकेटमध्ये साधा कॉम्पोझिट सिग्नल २० नंबरच्या पिनेवर येतो. उजेड आणि रंग त्यात एकत्रच असतात. एस-व्हिडिओमध्ये मात्र उजेड २० वर आणि रंग १५ वर. प्लेयर एस-व्हिडिओ पाठवतोय आणि टीव्ही कॉम्पोझिटची वाट पाहतोय, असे झाले तर चित्र स्वच्छ पण रंगहीन. दोघांच्या मेनूत एकच पर्याय ठेवा. स्वस्त स्कार्ट वायरीत १५ नंबरची तार कधी कधी नसतेच! सर्वांत सोपी कसोटी म्हणजे प्लेयरची पिवळी वायर जोडून पाहणे. (काळपट रंगांची इथे परंपरा आहे म्हणा; व्हॅन गॉगने 'बटाटे खाणारे' न्यूनेनमध्येच १८८५ साली रंगवले.)

अमेरिकेतल्या बहिणीची कॅसेट मात्र एनटीएससी. रेषा ६२५ ऐवजी ५२५, सेकंदाला २५ ऐवजी सुमारे ३० चित्रे, रंगाची लहर ४.४३ ऐवजी ३.५८ मेगाहर्ट्झ. तिला एनटीएससी ओळखणारा प्लेयर हवा. तो मिळाला तर कॅसेट लगेच संगणकावर उतरवून घ्या. फुनाई कंपनीनेही जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले.